छापील नांवाचा मोह

आयुष्याचीं पस्तीस वर्षें मुलांचे निबंध तपासण्यांत गेलीं. शेजाऱ्याच्या वहींतून उतरून काढलेला निबंध मला पहिल्या परिच्छेदावरूनच ओळखूं येई, आणि त्या मुलाला वर्गांत उभें करतांना मन कधीं कचरलें नाहीं. अशा मनुष्यावर उतारवयांत स्वतःच परीक्षेस बसण्याचा प्रसंग यावा, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

गोष्ट २०१७ सालची. माझा पुतण्या महाविद्यालयांत इतिहास शिकवितो. त्या वेळीं तो पीएच.डी.च्या प्रबंधांत गुंतला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणें, प्रबंध सादर करण्यापूर्वीं निदान एक लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या संशोधन-पत्रिकेंत छापून येणें आवश्यक होतें. त्याचा विषय जुन्या दानपत्रांतील ग्रामनामांचा. त्यांतील संस्कृताचा अन्वय लावून देण्याचें काम त्यानें माझ्याकडे सोंपविलें होतें. लेख पुरा झाल्यावर तो म्हणाला, "काका, लेखावर तुमचेंहि नांव घालतों." मी नुसता मॅट्रिक, विद्वानांच्या पत्रिकेंत माझें नांव! वरवर मीं "कशाला रे?" म्हटलें, पण मन आंतून सुखावलें, हें कबूल करतों. तिसरें नांव त्याच्या विभागप्रमुखांचें होतें. त्यांनीं लेखाची एक ओळहि वाचलेली नव्हती.

चौथ्या दिवशीं पत्रिकेचें उत्तर आलें : लेख पसंत आहे, परीक्षकांची एकहि सूचना नाहीं, शुल्क पाठवा, पुढील अंकांत छापूं. घरांत पेढे वांटले गेले. त्या रात्रीं मी कौतुकानें लेखाची प्रत घेऊन बसलों. दान दिलेल्या एका गांवाची चतुःसीमा तींत दिली होती. पाहतों तों 'दक्षिणेस' हा शब्द दोनदां आलेला आणि उत्तर दिशा मुळीं नाहींच! चूक माझीच; नक्कल करतांना झालेली. परंतु चौथ्या इयत्तेंतला मुलगाहि "गुरुजी, उत्तर कोठें गेली?" असें विचारील. परीक्षकांनीं विचारलें नाहीं, याचा अर्थ उघड होता. लेख कोणीं वाचलाच नव्हता.

आपल्या शास्त्रकारांनीं पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त सांगितला नाहीं; राजशेखरानें तर काव्यमीमांसेंत शब्दहरण आणि अर्थहरण यांचा सविस्तर विचार केला आहे. लंडनांत १६६५ सालीं ओल्डेनबर्ग यानें 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ही पत्रिका काढली. एकाचें संशोधन चार जाणत्यांपुढें जावें, हाच अशा पत्रिकांचा मूळ हेतु. तो सुटला म्हणजे काय होतें? २०१३ सालीं 'सायन्स' या पत्रिकेंत जॉन बोहॅनन यानें आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका औषधाविषयींचा मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट लेख त्यानें ३०४ पत्रिकांकडे धाडला. १५७ पत्रिकांनीं तो स्वीकारला! आपल्याकडे भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोगाच्या यादींतील, विद्यापीठांनीं सुचविलेल्या १००९ पत्रिका तपासल्या; त्यांपैकीं शेंकडा ८८ हून अधिक कसोटीस उतरल्या नाहींत, असें त्यांनीं २०१८ मध्यें 'करंट सायन्स'मध्यें मांडलें. त्याच वर्षीं आयोगानें ४३०५ पत्रिका यादींतून काढून टाकल्या.

हा केवळ पंडितांचा प्रश्न आहे, असें कोणीं समजूं नये. १९९८ सालीं 'लॅन्सेट' या नामांकित पत्रिकेंत वेकफील्ड नांवाच्या डॉक्टरचा, अवघ्या बारा मुलांवर आधारलेला लेख आला. गोंवर, गालगुंड व रुबेला यांवरील लशीचा संबंध त्यांत स्वमग्नतेशीं जोडण्यांत आला होता. पत्रिकेनें तो २०१० सालीं मागें घेतला. परंतु मधल्या बारा वर्षांत कित्येक आईबापांनीं भयानें मुलांना लस टोंचून घेतली नाहीं. खोट्या लेखाचें प्रायश्चित्त लेखकाआधीं पाळण्यांतल्या बाळाला घ्यावें लागतें, तें असें.

सकाळीं मीं पुतण्याला तें पान दाखविलें. माजघरांतून वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या एका दिशेपायीं माझ्या मुलाचें वर्ष घालवणार का?" मला उत्तर देतां येईना. चूक माझी होती, आणि शिक्षा त्याला व्हावयाची होती. पुतण्या पुष्कळ वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, उद्यां माझे विद्यार्थी हा लेख वाचतील." त्यानें लेख परत मागविला, तिन्ही नांवांतून स्वतःचेंच तेवढें ठेविलें आणि तो दुसऱ्या एका पत्रिकेकडे पाठविला.

तेथून आठ महिन्यांनीं दोन पानें भरून शंका आल्या. दोन शंका माझ्या अन्वयावरच होत्या. त्यांतली एक अगदीं बरोबर निघाली! पदवी वर्षभर लांबली. विभागप्रमुखांची नाराजी त्याहून अधिक काळ टिकली. वहिनीहि माझ्याशीं कांहीं दिवस तुटकच बोलत.

पुढें २०२२ सालीं तो सक्तीचा नियम गेला. २०१९ मध्यें सुरू झालेली पत्रिकांची 'केअर' यादीहि आयोगानें २०२५ मध्यें बंद केली आणि निवडीचा भार संस्थांवर व अभ्यासकांवर सोंपविला. म्हणजे पहारेकरी बाहेर शोधण्याचे दिवस सरले. तो आतां घरींच नेमला पाहिजे.

त्या लेखाच्या शेवटीं बारीक टायपांत एक ओळ आहे : संस्कृत वाचनाच्या साहाय्याबद्दल काकांचे आभार. तो अंक मी मधून मधून उघडून पाहतों. श्रम माझे तेवढेच होते, आणि नांवहि तेवढेंच आहे.