जेन दोब्री

लिफी नदीच्या धक्क्यावर, तंबाखूच्या जुन्या वखारीच्या तळघरात डब्लिनचं 'एपिक' संग्रहालय आहे. आयर्लंड सोडून जगभर गेलेल्यांचं. तिकिटाबरोबर एक कागदी पासपोर्ट मिळतो. वीस दालनं, आपल्याच हातानं शिक्का उठवायचा आणि पुढं सरकायचं. लेक पुढं गेलीसुद्धा. मी तिकिटाच्या खिडकीपाशीच थबकले. आतली मुलगी नुकत्याच कामावर आलेल्या मैत्रिणीला म्हणाली, "जेन दोब्री!"

हा शब्द मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत ऐकलाय.

आमचे आजोबा रोज सकाळी कट्ट्यावर बसत. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला 'राम राम', आम्हा नातवंडांना मात्र 'जेन दोब्री'. आम्हाला ते कानडी वाटे. दहावीत असताना एकदा मी विचारलं, तर माझं अंघोळीचं पाणी निवून गेलं तरी ते बोलतच राहिले. महायुद्धात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या कँपात पोलंडची सुमारे पाच हजार माणसं राहत होती. बायका आणि मुलंच जास्त. रशियानं त्यांना घरादारातून उचलून सैबेरियात नेलं होतं. तिथून इराण, कराची करत ती आपल्या माळावर उतरली. शाळा, चर्च, नाटकाचं थिएटर, सगळं त्यांनी तिथं उभं केलं. अठरा वर्षांचे आजोबा सायकलला दोन किटल्या अडकवून दूध घालायला जात. किटलीचं झाकण वाजलं की एक बाई दारात यायची आणि म्हणायची, जेन दोब्री, म्हणजे पोलिशमध्ये नमस्कार. म्हशीचं धारोष्ण दूध ती मुद्दाम आंबवून उकडलेल्या बटाट्यांबरोबर खायची, याचं आजोबांना शेवटपर्यंत वाईट वाटे. १९४८ मध्ये कँप रिकामा झाला. हिशेब पैन्पै चुकता करून ती बाई गेली. कुठं, ते त्यांना कधीच कळलं नाही. त्याच बराकींत मग सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि वस्तीला गांधीनगर म्हणू लागले.

खिडकीतल्या मुलीला मीही म्हटलं, "जेन दोब्री." ती खुलली आणि पोलिशमध्ये भराभर बोलू लागली. माझ्याकडं पुढचा शब्द नव्हता.

संग्रहालय देखणं आहे. १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं, दहाएक लाख माणसं मेली आणि जवळजवळ तितकीच बोटींत बसून गेली, हे तिथं पडद्यांवर बोटानं सरकवत पाहता येतं. ज्या देशातून इतकी माणसं गेली, तिथं आता पोलंडची मुलं पोटासाठी येतात. मला तर दालनादालनांतून सायकलवरच्या किटल्यांचा आवाज येत होता.

वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, आपल्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ. दगड दोन्हीकडं आहेत. पण तिथं दूध आंबवून खाणारी ती बाई नाही. ती असलीच तर आपल्या घरांत, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे.

लग्नाचा बस्ता बांधायला आपण सगळेच त्याच गांधीनगरला जातो. घरी माळ्यावर कँपाच्या काळचा एखादा फोटो, चिठ्ठी, किटली सापडली तर भंगारात घालू नका. कँपात जाऊन आलेली तेव्हाची पोरं आज नव्वदीपार आहेत. त्यांना यंदाच विचारा.