रेडिओ निवडण्यापूर्वीं

छंदास साधन लागतें आणि साधन निवडतांना विवेक लागतो. यांतील दुसरी गोष्ट आम्ही पैसे खर्च झाल्यावर शिकलों. आमच्या चुकांचा शाळाबंधूंस व भगिनींस कांहीं उपयोग व्हावा, म्हणून हा अल्प प्रयत्न.

आमच्या घरीं कपाटावर आजोबांचा जुना रेडिओ आहे. तो कित्येक वर्षें मुका आहे. पूर्वीं रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे आजोबा त्यावर लघुलहरींवरून येणाऱ्या बी. बी. सी.च्या हिंदी बातम्या ऐकत. त्या वेळीं घरांत कोणी मोठ्यानें बोलत नसे, असें ते सांगतात. एके दिवशीं आम्हीं त्यांस वचन देऊन टाकलें, “आजोबा, त्या बातम्या आम्ही तुम्हांला पुन्हा ऐकवूं.” खाऊचे सांठविलेले पैसे हाताशीं होते, आणि सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ या नव्या प्रकाराविषयीं आम्हीं पुष्कळ वाचलेंहि होतें.

हा रेडिओ म्हणजे बोटाएवढें यंत्र. जुन्या रेडिओंत हवें तें स्टेशन वेगळें काढण्याचें काम तारेचीं वेटोळीं व कंडेन्सर करीत. येथें यंत्र हें आकाशांतून आलेल्या लहरींचे आंकडे करून संगणकाच्या स्वाधीन करतें, आणि पुढील सारी निवड व गाळणी प्रोग्रॅम करतो. पडद्यावर लहरींचा जणूं रंगीत धबधबा उतरूं लागतो. ज्या रेषेवर खूण न्यावी तें स्टेशन बोलूं लागतें. यांतील स्वस्त यंत्रें ज्या चिपवर चालतात ती मुळांत टेलिव्हिजनसाठीं बनविलेली. तिच्याकडून इतर लहरींचेहि कच्चे आंकडे घेतां येतात, ही गोष्ट २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींत सर्वत्र झाली.

असलें एक यंत्र आम्हीं घेतलें. एफ. एम. स्टेशनें खणखणीत ऐकूं आलीं. १०९० मेगाहर्ट्झवर विमानें आपली उंची व ठिकाण कळवीत होतीं, तेंहि पडद्यावर दिसलें. परंतु आजोबांच्या लघुलहरींच्या जागीं केवळ शुकशुकाट! तेव्हां, आधीं वाचावयाचें तें माहितीपत्रक आम्हीं मागाहून वाचलें. आमच्या यंत्राची धांव सुमारें २४ पासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि लघुलहरींचा प्रदेश ३ ते ३० मेगाहर्ट्झचा. दोष यंत्राचा नव्हता. गरज न पाहतां तें घेणाराचा होता.

बाबांनीं थोडे पैसे घातले, व लघुलहरी घेण्याची सोय असलेलें दुसरें यंत्र आलें. आतां शुकशुकाट गेला, पण अखंड खरखर सुरू झाली. आम्हीं ठरविलें कीं, यंत्रच हलकें. तें आठ बिटांचें, म्हणजे लहरीची उंची अवघ्या २५६ पायऱ्यांनीं मोजणारें. चौदा बिटांच्या यंत्रांत १६,३८४ पायऱ्या असतात. बाबांकडे पुन्हा हात पसरण्याच्या बेतांत आम्ही होतों, इतक्यांत आमच्या विज्ञानाच्या सरांनीं विचारलें, “घरांतली वीज बंद करून ऐकलें आहेस का?”

त्या रात्रीं लॅपटॉप बॅटरीवर चालवून आम्हीं मेन स्विच बंद केला. खरखर एकदम निम्म्यावर आली! एल. ई. डी. दिवे व मोबाइलचे चार्जर हे खरे अपराधी होते. पुढें गच्चीवर दहा मीटर तार, भिंतीपासून दूर, ताणून बांधली. आणि ढग सरल्यावर तारे दिसावे तशीं एकामागून एक स्टेशनें उमटूं लागलीं.

आम्ही आनंदानें आजोबांच्या बातम्या शोधूं लागलों. त्या सांपडेनात. अखेर कळलें कीं, लघुलहरींवरील तें हिंदी प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजींच बंद झालें होतें. कितीहि मोल दिलें तरी जो आवाज आकाशांतच नाहीं, तो कोणतें यंत्र आणून देणार? हें आजोबांस सांगणें आम्हांस फार जड गेलें. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “बरें, मग जें लागतें तें लाव.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यांत, एक गृहस्थ दुसऱ्याला मराठींत विचारीत होते, “तुमच्याकडे पाऊस कसा काय?” आजोबांनीं डोळे मिटले व हंसून म्हणाले, “माणूस आपल्याकडचा दिसतो.”

तेव्हां वाचकहो, आधीं काय ऐकावयाचें तें ठरवा, आणि तें अद्याप ऐकूं येतें काय याची खात्री करा. अमेरिकेच्या नोआ उपग्रहांचीं हवामानचित्रें १३७ मेगाहर्ट्झवर मिळतात असें जुन्या पुस्तकांत आढळेल. परंतु तीं २०२५ सालीं बंद झालीं. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठांत असा एक रेडिओ इंटरनेटवर सर्वांस खुला आहे. त्यावर प्रथम हात बसवावा. प्रक्षेपण करावयाचें तर सरकारी परीक्षा व परवाना लागतो. आणि जें बोलणें आपल्यासाठीं नाहीं त्याला कान लावूं नये, हा नियम येथेंहि खरा.

महागडे कान विकत घेण्यापूर्वीं स्वतःच्या घरांतला गोंगाट कमी करावा, एवढा धडा आम्हीं घेतला. आतां रोज सकाळीं चहा झाला कीं आजोबाच आम्हांस आठवण देतात, “आज पाऊस कुठें आहे, तें ऐकूं या.”