न तोडता झाडाचं वजन

सारापिकी, कोस्टा रिका

प्रिय सुमे,

झाड न तोडता त्याचं वजन कसं काढता, हा तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझं सगळं काम त्याच एका प्रश्नाभोवती फिरतं, त्यामुळे आज पत्र लांबणार.

आधी रान कसलं ते सांगते. या भागात गेल्या शतकात जंगल साफ करून गुरांसाठी कुरणं केली होती. ऐंशीच्या दशकात गोमांसाचा भाव पडला, बरीच कुरणं ओस पडली आणि रान आपसूक परत आलं. पुढे १९९६च्या कायद्यामुळे जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना सरकारकडून पैसेही मिळू लागले. एके काळी देशाच्या जेमतेम पाव भागावर उरलेलं जंगल आज निम्म्याहून जास्त जमिनीवर आहे. मोकळ्या जागेत आधी घुसतो तो ग्वारुमो. पोकळ खोड, हातभर रुंद पानं आणि खोडात मुंग्यांचा मुक्काम, त्यामुळे हात लावायचा तो बेतानेच.

आता मोजणी. जमिनीपासून १.३ मीटरवर टेप गुंडाळायची. ऐकायला सोपं, पण झाडाच्या अंगावर महावेल असेल तर टेप त्याच्याखालून सरकवायची, आणि बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळं फुटली असतील तर शिडी लावून ती संपतात त्याच्यावर मोजायचं. मोजलं तिथे रंगाची रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या खेपेला टेप तिथेच बसते. झाडाला नंबराचा पत्रा ठोकायचा. खोडाचा घेर वर्षाला काही मिलिमीटर वाढतो आणि आम्हाला नेमके तेच मिलिमीटर हवे असतात. दोन बोटं खालीवर मोजलं की झाड वाढल्याचा किंवा आक्रसल्याचा भास होतो.

घेरावरून वजन काढायचं तर कुणीतरी आधी झाडं तोडून तोललेली असावी लागतात, आणि तशी ती तोललेली आहेत. जेरोम शाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ५८ ठिकाणच्या अशा ४,००४ झाडांवरून एक सूत्र बांधलं. त्यात घेरावरून निघणारी जाडी, उंची आणि लाकडाची घनता एवढंच घालायचं. हे वजन पाणी वगळून, कोरड्या लाकडाचं. त्यातला निम्म्याला थोडा कमी भाग कार्बन.

घनतेची गंमत तुला लगेच कळेल. समज, पांगारा आणि ऐन शेजारी उभे आहेत, दोघांची जाडी ३० सेंटिमीटर, उंची २० मीटर. सूत्र पांगाऱ्याला साधारण ३०० किलो देतं आणि ऐनाला पावणेआठशेच्या आसपास! तोच ऐन ६० सेंटिमीटर जाड आणि ३० मीटर उंच झाला की वजन सव्वाचार टनांच्या पुढे जातं. म्हणून एक-दोन थोराड झाडं मोजणीसाठी आखलेल्या अख्ख्या प्लॉटचा आकडा फिरवतात, आणि म्हणून नुसतं 'हिरवं झालं' म्हणून मला समाधान होत नाही. ग्वारुमोही पांगाऱ्यासारखाच हलक्या लाकडाचा. तो मरून त्याच्या सावलीत वाढलेली जड लाकडाची झाडं वर यायला वेळ जातो.

किती वेळ? लुरेन्स पूर्टर आणि बऱ्याच जणांनी मिळून २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या ४५ ठिकाणचे सुमारे १,५०० प्लॉट एकत्र पाहिले. वीस वर्षांत हेक्टरी सरासरी १२२ टन वजन परत येतं. अशी तरुण रानं जुन्या जंगलाच्या अकरा पट वेगाने कार्बन ओढतात. जुन्या जंगलाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचायला मात्र ६६ वर्षं (मध्यांक) लागतात. अकरा पटीचा आकडा सगळे उचलतात, भाषणात शोभतो. मला ६६चा जास्त महत्त्वाचा वाटतो.

यातलं बरंचसं गणित वेगवेगळ्या वयांची रानं ओळीने लावून मांडलेलं असतं, हे लक्षात ठेव. नात, आई आणि आजीला शेजारी उभं करून एकाच बाईचं आयुष्य सांगण्यासारखं ते आहे. म्हणून रॉबिन चॅझडन यांनी इथल्या ला सेल्वा संशोधन केंद्राच्या परिसरात तेच ते प्लॉट नव्वदच्या दशकापासून पुन्हा पुन्हा मोजले, त्याचं मला अपार मोल वाटतं. आता वरूनही डोळे आलेत. गेल्या वर्षी, २०२५च्या एप्रिलमध्ये, युरोपचा 'बायोमास' उपग्रह गेला. त्याच्या लांब रडारलहरी पानं ओलांडून खोडं-फांद्यांपर्यंत पोचतात. जुलैत आपल्या श्रीहरिकोटाहून 'निसार' हा रडार उपग्रहही गेला. पण उपग्रहाचं वाचन बरोबर की चूक, हे ठरवायला शेवटी रंगाची रेघ ओढलेलं झाडच लागतं.

आणि आता मला छळणारी गोष्ट. याच देशाच्या दक्षिण भागातल्या परत आलेल्या रानांचा जुन्या हवाई छायाचित्रांवरून मागोवा घेतला, तेव्हा निम्मी वीस वर्षांच्या आतच पुन्हा तोडलेली निघाली, आणि ५४ वर्षांत ८५ टक्के. तो ६६चा आकडा याच्याशेजारी ठेवून बघ. रान वाढायला कमी पडत नाही गं, त्याला म्हातारं होऊ दिलं जात नाही. कागदावर कार्बन जमा होतो आणि मग एका हंगामात कुरण होतं. याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्या वाडीमागच्या वरकस जमिनीत नाचणी थांबून रान वाढू लागल्याला बरीच वर्षं झाली ना? काकांना विचार, नेमकी कधी थांबली; ते साल फार मोलाचं आहे. रान तोडीला द्यायचं घाटत असेल तर तेवढा एक तुकडा मागून घे. वीस बाय वीस मीटरची चौकट आख आणि दहा सेंटिमीटरहून जाड सगळी झाडं मोज. तिकडे वनखातं १.३७ मीटरवर मोजतं, आम्ही १.३वर. तू कुठेही मोज, पण कुठे मोजलंस ते वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि आकडे मला पाठव.

तुझीच,
माधवी