पहिले साठ फूट

पुण्यात बिघाडाचे निदान करायला बिघाड बघावा लागत नाही. तो नुसता कानावर आला तरी पुरतो. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन तुम्ही बॉनेट उघडायचा अवकाश, तीन माणसे थांबतात. पहिला आत न बघताच म्हणतो, "कार्बोरेटर." हल्लीच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो हे आपण त्याला नम्रपणे सांगावे, तर तो म्हणतो, "तेच तर चुकलंय!" आणि निघून जातो. दुसरा पेट्रोलवर संशय घेतो. तिसरा काहीच बोलत नाही. नुसती मान हलवतो. खरी भीती वाटते ती त्याचीच.

अशा या शहरात माझ्या भाच्याची गाडी सुटताना थरथरू लागली.

'सुटताना' हा शब्द जरा नीट घ्या. ऑफिसला जायला निघताना नव्हे. भाच्याला ड्रॅग रेसिंगचे वेड लागले होते. ड्रॅग म्हणजे वास्तविक ओढणे, रखडणे. त्या अर्थाने आमच्या घरी हा खेळ फार जुना आहे. पण अमेरिकेत या नावाखाली दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करतात आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, जीव खाऊन पळवतात. वळण नाही, चढ नाही, उतार नाही. जो आधी पोचेल तो जिंकला. आपल्याकडे त्या सुमारास मुळशी तालुक्यातल्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या विमानांच्या धावपट्टीवर अशा शर्यती होत असत, आणि भाच्याला तिथे उतरायचे होते.

त्याने आईला, म्हणजे माझ्या ताईला, हा खेळ अर्धा तास समजावून सांगितला. ताईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "वळायचं नाही, थांबायचं नाही, आणि पलीकडे कुणी ओळखीचंही राहत नाही. मग जायचं कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर मोटारींच्या इतिहासात अजून कुणी दिलेले नाही.

शर्यत सुरू करायला तिथे दिव्यांचा खांब असतो. पिवळे दिवे, मग हिरवा. आणि हिरव्याच्या आधी हललात तर लाल. लाल लागला की बाद. अलका टॉकीजच्या चौकात हे दिवे लावले तर पुण्यातून एकही माणूस दुसऱ्या फेरीत जाणार नाही. गंमत म्हणजे वेळ मोजणारे घड्याळ दिवा लागल्यावर सुरू होत नाही, तुमचे चाक रेषेवरून हलले की सुरू होते. हिरवा लागल्यावर तुम्ही तपकीर ओढत बसलात तरी तुमची वेळ उत्तम येऊ शकते; फक्त शेजारचा जिंकून घरी गेलेला असतो. आणि सगळ्या वेळांत भाव खाऊन जाते ती पहिल्या साठ फुटांची वेळ. साठ फूट म्हणजे अठरा मीटर. तिथे जे गमावले ते पुढच्या तीनशे चौऱ्याऐंशी मीटरांत सहसा भरून निघत नाही. लग्नातल्या पहिल्या महिन्याबद्दल आमचे वडील हेच सांगत.

तर भाच्याची गाडी नेमकी या साठ फुटांत धडधडू लागली. क्लच सोडला की पुढून असे काही हादरे बसत, की डॅशबोर्डवरचा गणपती मागच्या सीटवर जाऊन बसे.

बातमी सोसायटीत पसरली आणि निदान सुरू झाले. तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "चाकांतली हवा कमी कर." वरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "वाढव." (आमच्या सोसायटीत एका मजल्याला एक निवृत्त इंजिनिअर आहे; बहुधा बांधकामाचा नियमच तसा असावा.) एकाने चाकांचे बॅलन्सिंग सुचवले, एकाने क्लच प्लेट, एकाने शनिवारी मारुतीला तेल. भाचा सुस्वभावी. त्याने एका रविवारी सगळेच करून टाकले. गाडी आता वेगळ्या प्रकारे धडधडू लागली, आणि कशामुळे काय झाले हे शोधायची सोय राहिली नाही.

मग आम्ही नाना पेठ गाठली. मोटारीचा जो भाग जगात कुठे मिळत नाही तो नाना पेठेत मिळतो, आणि जिथे भाग मिळतात तिथे मिस्त्रीही मिळतात. हे मिस्त्री मूळचे खेड तालुक्यातले. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, हात पुसले आणि म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, की देवालासुद्धा कळत नाही."

नंतर त्यांनी चार प्रश्न विचारले. एवढे नेमके प्रश्न मला आजवर कुठल्या डॉक्टरने विचारलेले नाहीत.

"हळू सोडली तरी थरथरते का?"

"नाही. जोरात सोडली तरच."

"मग क्लच नाही. क्लच प्लेटला तेल लागलं, की हळू सोडतानाच जास्त कापरं भरतं. पुरता सुटला की थांबतं. बरं, ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग हलतं का?"

"नाही."

"मग बॅलन्सिंगचे पैसे पाण्यात. तो रोग वेगातला, सुटण्यातला नव्हे. पायाला जाणवतं, की सीटला?"

"सगळ्यालाच, मिस्त्री. दातांनासुद्धा."

"बरं. आता शेवटचं. रस्त्यावर डाग कसे पडतात?"

भाचा गप्प झाला. डाग कुणी बघितलेच नव्हते. आमच्या सोसायटीतल्या एकूण दीडशे वर्षांच्या अनुभवाने मान खाली घालून रस्ता बघितला नव्हता.

मिस्त्रींच्या ओळखीच्या एका गोदामामागच्या बंद आवारात भाच्याने गाडी एकदा सोडून दाखवली. मिस्त्री उकिडवे बसले. जमिनीवर काळा डाग होता, पण सलग नव्हता. तुटक तुटक, आपण वहीत 'येथे कापा' म्हणून मारतो तशा रेघा.

"सलग रेघ असती तर चाक नुसतं घसरलं असतं," ते म्हणाले. "हे चाक उड्या मारतंय. धरतं, सुटतं, परत धरतं. याच्या मागं काहीतरी सैल आहे."

मग त्यांनी भाच्याला ब्रेक दाबून, पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडायला लावला आणि स्वतः बाजूला उभे राहून उघड्या बॉनेटमधून बघत राहिले. इंजिन जागच्या जागी असे उठले, जसे पंगतीत बासुंदी आल्यावर एखादे काका उठतात. इंजिनाला धरून ठेवणारे रबराचे माउंटिंग फाटले होते. जोर लागला की इंजिन डोलायचे, ते डोलले की चाकावरचा जोर कमीजास्त व्हायचा, आणि चाक उड्या मारायचे. त्यात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. सुटताना गाडीचे वजन मागे जाते आणि ज्या चाकांनी ओढायचे तीच हलकी होतात. निम्मे दुखणे तिथेच.

"आमच्या घाटात असंच असतं साहेब," मिस्त्री मला म्हणाले. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीची चढाची धाव. "चार बैल एका दमात उठले तर गाडा सरळ जातो. एक आधी उठला, एक मागं राहिला, की गाडा डुलला. पुढं बैल किती का पळेना. बारी सुटतानाच हरलेली असते."

मला एकदम साक्षात्कार झाला. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांत लोक पिढ्यानपिढ्या जे करत आले तेच हे ड्रॅग रेसिंग. सरळ रेषा, काही सेकंदांचा खेळ, घड्याळावर डोळे, आणि 'भिर्रर्र' हा आवाज, ज्यापुढे कुठलाही सायलेन्सर फिका. मिस्त्री तेव्हा जरा उदास होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली होती. ती डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर उठली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. मधली सात वर्षे बैलांच्या सुटण्याचे हे सारे ज्ञान नाना पेठेत मोटारींच्या कामी आले, असे म्हणायला हरकत नाही.

माउंटिंग बदलले. गाडी सुतासारखी सरळ सुटू लागली. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण भाच्याने एका रात्री ताईला अमेरिकेतल्या शर्यतींचा व्हिडिओ दाखवला.

तिथल्या सर्वांत मोठ्या गाड्यांचा वर्ग 'टॉप फ्युएल'. त्या नायट्रोमिथेनवर चालतात, ताकद दहा हजार अश्वशक्तीच्या वर, आणि हजार फूट चार सेकंदांच्या आत. आधी त्यांचीही धाव पाव मैलाचीच होती. २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा चालक पात्रता फेरीत गेल्यानंतर ती हजार फुटांवर आणली. त्यांच्या मागच्या टायरांत हवा दहा पौंडांच्याही आत असते. आपल्याकडे एवढ्या हवेत पंक्चरवाला गाडी बघून हसेल. पण ती मुद्दाम कमी ठेवतात. सुटताना त्या मऊ टायरच्या बाजूला सुरकुत्या पडतात, तळ रस्त्यावर पसरतो आणि पकड मिळते.

आता यातली मेख. पकड आणि ताकद यांचा मेळ बसला तर गाडी सुटते. ताकद फारच जास्त झाली तर चाक नुसते घसरते. धूर होतो, नाचक्की होते, पण जिवाला धोका कमी. दोन्हींच्या मधे कुठेतरी अडकले, की टायर धड धरत नाही आणि धड सोडत नाही. सुरकुती उलगडायच्या आत चाक तिच्यावर चढते, टायर वाटोळा राहत नाही आणि आपटू लागतो. ही टायरची खरी थरथर. ती इतकी भयंकर असते, की चालकाला पुढचे काही दिसत नाही. आणि तिच्यावर औषधे दोन, तीही एकमेकांच्या उलट. कधी ताकद कमी करावी लागते, म्हणजे टायर धरतो. कधी वाढवावी लागते, म्हणजे मधल्या अवस्थेतून तो पुढे निघून जातो. म्हणजे आमचे तळमजल्याचे आणि वरचे, दोन्ही इंजिनिअर तत्त्वतः बरोबर होते. फक्त गाडी चुकीची होती.

ताई हे ऐकत होती. तिने विचारले, "यात कुणाला काही होतं का रे?"

भाचा खोटे बोलत नाही. त्याने एरिक मेडलेनचे सांगितले. मार्च २००७. फ्लोरिडात गेन्सव्हिलला शर्यतसुद्धा नव्हती, नुसती चाचणी चालली होती. टायरची थरथर अशी उठली, की चालकाचे डोके सांगाड्याच्या नळ्यांमध्ये इकडून तिकडे आपटत राहिले. चार दिवसांनी तो गेला. तेहेतीस वर्षांचा होता. त्यानंतर या गाड्यांचे सांगाडे आणि डोक्याभोवतीचे पॅडिंग सुधारण्यात आले.

खोलीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. तुझी गाडी त्या गाड्यांच्या शंभराव्या हिश्शाचीही नाही, असे मी भाच्याला मोठ्याने म्हणालो, म्हणजे ताईला ऐकू जावे. ते खरेही होते. पण आईच्या हिशोबात अश्वशक्ती नसते, डोके एकच असते.

"थरथरायला लागलं तर ते लोक काय करतात?" ताईने विचारले.

"पाय उचलतात. अ‍ॅक्सिलरेटरवरचा. क्षणभर. टायर शांत झाला की परत दाबतात."

"आणि मग शर्यत?"

"बहुतेक हरतात."

"म्हणजे पाय उचलता येतो," ताई म्हणाली, आणि उठून आत गेली.

शर्यतीच्या दिवशी मी धावपट्टीच्या कडेला होतो. भाच्याची पहिली धाव झकास झाली. दुसऱ्या वेळी शेजारी तगडी गाडी होती. पोराने इंजिन जरा जास्तच चढवले. हिरवा लागला, गाडी उसळली, पुढची चाके दोनदा आपटली आणि मला त्या तुटक रेघा उमटताना दिसल्या. मग एकदम आवाज खाली आला. एक श्वास. पुन्हा चढला. तोवर शेजारची गाडी बरीच पुढे गेली होती.

रात्री घरी पोचलो. सोसायटी जिन्यातच उभी होती. तळमजला म्हणाला, हवा कमी करायला हवी होती. वरचा मजला म्हणाला, वाढवायला. ताईने दार उघडले आणि एकच विचारले,

"पाय काढलास?"

"काढला."

दुसऱ्या दिवशी सोसायटीत घरोघर पेढे आले. कितवा नंबर आला म्हणून सगळ्यांनी विचारले. ताईने कुणालाच सांगितले नाही.