माँटगमरीची बस

गेल्या उन्हाळ्यांत चिरंजिवांकडे अमेरिकेंतील मिशिगन संस्थानांत गेलों असतां आम्हीं डिअरबॉर्न गांवचें हेन्री फोर्ड संग्रहालय पाहिलें. तेथें मोटारी पुष्कळ. पण आमचा पाय अडला तो एका हिरव्या-पिवळ्या बसपाशीं.

जनरल मोटर्सनें ही बस १९४८ सालीं जवळच पाँटियाक येथें बांधली. नमुन्याचें नांव ‘टी-डी-एच ३६१०’. टी म्हणजे शहरी वाहतूक, डी म्हणजे डीझेल, एच म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी गतिबदलाची योजना. बैठका ३६, आणि १० हा मालिकेचा आंकडा. पाणिनीचे प्रत्याहार शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें हें लाघव आम्हांस फार आवडलें.

हीच बस अलाबामांतील माँटगमरी शहरांत फिरे. पुढील दहा जागा गोऱ्यांच्या. त्या भरल्या कीं मागच्या ओळींतील काळ्यांनीं उठावयाचें, कारण दोघांनीं एका ओळींत बसावयाचें नाहीं! १ डिसेंबर १९५५ रोजीं एका गोऱ्या उतारूसाठीं चौघांस उठविलें. तिघे उठले, रोझा पार्क्सबाई उठल्या नाहींत. त्यांस अटक झाली. काळ्या समाजानें ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला, आणि १९५६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें हा पंक्तिभेद संपला.

बस मात्र पुढें मोडीत निघून सुमारें तीस वर्षें एका शेतांत अडगळ ठेवण्याच्या कामीं आली. २००१ सालीं संग्रहालयानें ती लिलावांत ४,९२,००० डॉलरांस घेतली.

आंत बसावयास मुभा आहे. नात शेजारीं बसून म्हणाली, “आजोबा, तेव्हां आपल्याला कुठे बसवलं असतं?”

“मागेंच,” आम्ही म्हणालों. आणि आजोळची एक मुंज आठवली. आम्ही ओटीवरच्या पंगतींत, आणि रोज विटीदांडू खेळणारा आमचा सवंगडी खालीं अंगणांत, निराळ्या पानावर. तें तिला सांगावें कीं नाहीं हें ठरेपर्यंत मागची मंडळी खोळंबली; आम्ही उठलों.