शिंगणापुरात रोल कशाचा?

'सायबरपंक रेड' या २०२०च्या टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळात एखादं काम जमलं की फसलं हे ठरवायची रीत सोपी आहे. पात्राचा अंगभूत गुण, त्या कामातलं कौशल्य आणि दहा बाजूंच्या फाशावरचं दान यांची बेरीज कामाच्या अवघडपणासाठी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की काम फत्ते. दहा पडले तर पुन्हा फासा टाकून ते दान मिळवायचं, एक पडला तर पुन्हा टाकून वजा करायचं. हा खेळ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांत बसवून चालवताना माझं एक मत पक्कं होत गेलं: नियमांतल्या खोडी गणित दुरुस्त करून जात नाहीत. फासा मुळात कधी टाकायला लावायचा, इथेच त्यांचा बंदोबस्त होतो.

आधी खोड पाहू. दहावर दुसरं दान चढतंच, त्यामुळे नऊच्या पुढे एकदम अकरा; नेमके दहा कधीच भरत नाहीत. खालच्या बाजूला नेमका एकही मिळत नाही, थेट शून्य किंवा त्याखाली. रोजच्या कामाचा आकडा १३ आहे. गुण आणि कौशल्य मिळून १२ असलेलं पात्र अशा कामात शंभरात दहा वेळा चुकतं. तेच पात्र मेहनतीने १३वर पोचलं तरी दहाच वेळा, आणि १४ला नऊ वेळा. म्हणजे दोन पायऱ्या चढून पदरात पडली ती शंभरात एक चूक कमी. २४च्या अवघड कामातही १४वाला आणि १५वाला दोघं फाशावर दहा पडले तरच जिंकतात.

मग सूत्रच बदला, असं म्हणणारे बरेच भेटतात. 'शॅडोरन' या १९८९च्या भावंडाने ते करून पाहिलं आहे. तिथे सहा पडले की पुन्हा टाकून मिळवायचे, म्हणून सहाचं लक्ष्य आणि सातचं लक्ष्य सारखंच अवघड होतं. २००५च्या चौथ्या आवृत्तीने रीत पालटली: पाच-सहा आलेले फासे मोजायचे, आणि निम्मे किंवा जास्त एक्के पडले तर घोटाळा. झालं काय, तर एका फाशाला घोटाळ्याची शक्यता शंभरात सतरा, आणि दोन फाशांना एकतीस! कौशल्य वाढलं आणि धोकाही वाढला. पाचव्या आवृत्तीत 'निम्म्याहून जास्त' असं केलं, तर तीच उलटी चढण दोन आणि तीन फाशांमध्ये जाऊन बसली.

म्हणून मी शनि-शिंगणापूरकडे बोट दाखवतो. तिथल्या घरांना परंपरेने दारं-कुलुपं नाहीत. चोर-पात्राच्या कागदावर कुलूप उघडण्याचं कौशल्य कितीही असो, तिथे त्याचा रोल मागण्यात अर्थ नाही. कुणाच्या नजरेत न येता परक्याने आत शिरणं, हा खरा प्रश्न. आणि शनिदेवाच्या धाकाने पाय अडखळतो का, हा त्याहून मोठा. त्याच गावात २०११ साली युको बँकेची बिनकुलपाची म्हणून गाजलेली शाखा उघडली. काचेचं दार, आणि सहज न दिसणारं, दुरून चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप, असं तिचं वर्णन त्या वेळी छापून आलं होतं. खेळात यांत्रिक कुलपाचं कौशल्य वेगळं, इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचं वेगळं. कोणतं वापरायचं हे फासा सांगत नाही. जागा नीट पाहिली तरच कळतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. रोल कधी हे गेम मास्टरनेच, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानेच ठरवायचं, तर खेळाडू त्याच्या मर्जीवर राहिला. मर्जीला लगाम हवाच: कामाचा आकडा आणि फसलं तर काय होईल, हे फासा हातात घेण्याआधी सांगायचं. बेरीज वाढवायला पात्राजवळ असलेले नशिबाचे गुण दान पडण्याआधीच खर्च करावे लागतात; पणाला काय आहे हे ठाऊक नसलेला खेळाडू ते कशाच्या जोरावर लावणार?

दुसरे म्हणतात, एक्का-दहाचा झटका हीच तर गंमत. मलाही तो प्रिय आहे, म्हणूनच तो रोजच्या कामात उधळू नये. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात येतं, तिथेच १२९०मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि परंपरा मोक्षपटही ज्ञानेश्वरांच्याच नावावर सांगते. त्या पटावर खेळणाऱ्याचं कौशल्य मोजलंच जात नाही. दान पडेल तशी शिडी किंवा साप. तिथे ते शोभतं. पण ज्याने आपल्या पात्राचं ड्रायव्हिंग कष्टाने वाढवलं, त्याला नगर-पुणे रस्त्यावर नुसती गाडी चालवायलाही मी फासा टाकायला लावला, तर त्याचं पात्रही मोक्षपटावरची सोंगटीच झालं. मागे पाठलागाची गाडी लागली, सुप्याच्या एमआयडीसीपाशी ट्रक आडवा आला, की मग टाकू दे फासा. तेव्हा एक्का पडला तर एकही खेळाडू कुरकुरत नाही.