फोन ठेवला, पण कट झाला नाही

"चल, ठेवते मग," असं म्हणून आई फोन ठेवायची. म्हणजे खरोखरच ठेवायची. ओट्यावर, टोपलीच्या कडेला, नाहीतर कमरेच्या पिशवीत. बोलणं झालं, निरोप घेतला, फोन ठेवला, की तिच्या लेखी कॉल संपला. पलीकडे डहाणूला मावशीचंही तेच. दोघी बहिणी आपापल्या कामाला लागायच्या आणि दोन फोन अर्धा-अर्धा तास एकमेकांना जोडलेले राहायचे. एकीकडे आमच्या घिवली गावचा वारा, दुसरीकडे मावशीच्या मिक्सरची घरघर, आणि ऐकणारं कोणीच नाही.

हे आम्हाला कळलं ते दादाची बोट बंद पडली त्या दिवशी.

दादाची बोट लहान, एका सिलिंडरच्या इंजिनची. तो आणि दोन खलाशी डोलीची जाळी घेऊन जातात आणि बोंबील, करंदी, जवळा जे पडेल ते घेऊन येतात. मी बोईसरला राहतो, तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. आमच्या प्लांटमध्ये मोबाइल आत नेता येत नाही. विद्रावकांची वाफ असते, ठिणगी नको, म्हणून गेटवरच्या लॉकरमध्ये फोन ठेवून आत जायचं. त्यामुळे समुद्रावरून दादाचा फोन येतो तो आईला. किनारा जवळ आला, रेंज आली, की पहिला कॉल घरी. माल किती आहे, बर्फ लागेल का, टेम्पोवाल्याला कधी बोलवायचं. आईचा फोन म्हणजे आमच्या घरचा बंदर-कारकूनच आहे.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. संध्याकाळी परत येताना बोटीच्या पंख्यात दोरी गुंडाळली गेली. इंजिन बंद. ओहोटी लागलेली, बोट खडकांच्या बाजूला सरकायला लागली. दादाने नांगर टाकला आणि घरी फोन लावला. 'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.' पुन्हा लावला. व्यस्त. समोर तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दिवे दिसत होते. ते १९६९ मध्ये सुरू झालं तेव्हापासून रात्री घराकडे येणाऱ्या आमच्या बोटींना ती ओळखीची खूण आहे. घर इतकं जवळ, आणि घरी आवाज पोचत नाही. चाळीस मिनिटं तो फोन लावत राहिला. बॅटरी संपत आली तेव्हा त्याने सातपाटीला वहिनीला फोन केला. ती माहेरी गेली होती. तिने शेजारच्या काकींच्या मुलाला फोन केला. तो धावत आमच्या घरी गेला तर आई निवांत अंगणात बोंबील उतरवत होती आणि कमरेच्या पिशवीत तिचा फोन डहाणूशी बोलत होता.

गावातली दुसरी बोट गेली, दोर टाकून दादाला ओढून आणलं. कोणाला काही झालं नाही. पण दादा घरात आला तो न बोलताच, आणि आईला जेवण गेलं नाही. "मी ठेवला होता रे फोन," एवढंच ती म्हणत राहिली.

ती खरं बोलत होती, हे मला ठाऊक होतं. कारण हीच आई पूर्वी फोन कट करायची आणि एकदाही चुकायची नाही. ११ जानेवारी २०२० ला संध्याकाळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट झाला. आवाज कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला. आठ माणसं गेली. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "कुठे आहेस?" "घरी आहे, आई. बरा आहे." "बरं." आणि कट. बाकीच्यांनाही फोन करायचे होते तिला, आणि आपल्यामुळे माझी लाइन अडकू नये हेही तिला कळत होतं. तेव्हा तिच्याकडे बटणांचा फोन होता. डाव्या हाताला हिरवं बटण, उजव्या हाताला लाल. बोटाला मीठ असो, पाणी असो, खवले असोत, लाल बटण दाबलं की आत काहीतरी दबल्याचं कळायचं आणि कॉल संपायचा. तो फोन पाण्यात पडून गेला, आणि तिला स्मार्टफोन मीच घेऊन दिला. नातवंडं दिसावीत म्हणून.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच घिवलीला गेलो. ठरवलं होतं की आईला काही शिकवायचं नाही, आधी बघायचं. तिचं काम चालू होतं तिथेच बसलो आणि तिला माझ्या फोनवरून कॉल लावला.

बोंबील वाळत घालताना बघितलाय का कोणी जवळून? ओला बोंबील हातात धरवत नाही इतका मऊ, नुसता पाण्याचा. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी काठ्यांवर बांधलेल्या दोरीवर टाकायची. एक या बाजूला, एक त्या बाजूला. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, म्हणून जोडी सुटत नाही. पण तेच दात बोटांनाही लागतात. चाळीस वर्षं हे काम केलेल्या आईच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकांवरची कातडी जाड आणि गुळगुळीत झाली आहे. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. तीन-तीनदा पुसून, दाबून बघावं लागतं. ती बोटं आता काचेवर चालवायची.

फोन वाजला. तिने हात पदराला पुसले, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीतला फोन वर काढला आणि पिशवीवरूनच बोट सरकवलं. तिसऱ्या वेळी कॉल उचलला गेला. ती बोलली. "ठेवते," म्हणाली. आणि मग तिने जे केलं ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तिने स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन काळी. तिने बाजूचं बटण दाबलं. स्क्रीन काळीच. म्हणजे फोन बंद झाला, असं समजून तिने तो पिशवीत सोडला. माझ्या फोनवर सेकंद पुढे सरकतच होते.

स्क्रीन काळी का, याचं उत्तर पिशवीत होतं. ऐकण्याच्या जाळीशेजारी एक छोटा सेन्सर असतो. तो अदृश्य प्रकाश सोडतो आणि समोरून परत आला की समजतो, कान जवळ आहे. मग गालाने नको ते बटण दाबलं जाऊ नये म्हणून स्क्रीन बंद करतो. फोन कानापासून दूर नेला की स्क्रीन परत लागते. आईच्या फोनला मात्र कान सतत जवळच वाटत होता. पिशवीच्या आतून दमट वाफ आणि बाहेरून वाळलेल्या मिठाचा पांढरट थर, नेमका सेन्सरवर. अशा वेळी बाजूचं बटण दाबलं की फोन लॉक होतो, पण कॉल सुरूच राहतो. जुन्या फोनचा अनुभव असलेल्या माणसाने काळी स्क्रीन म्हणजे बंद फोन असं समजावं, यात तिची काय चूक?

मी पिशवी काढली, काच ओल्या फडक्याने पुसली. आता कानापासून दूर नेल्यावर स्क्रीन लागू लागली. पण आईच्या हाताने प्रश्न सुटेना. काचेला बोट कळतं ते बोटाने ओढून घेतलेल्या अगदी थोड्या विजेवरून. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून खारं ओलं बोट एका ठिकाणी टेकलं की दहा ठिकाणी, हे काचेला कळत नाही. तेवढ्या धडपडीत स्क्रीन पुन्हा विझायची, फोन लॉक व्हायचा, आणि उघडायला नक्षी काढावी लागायची. ओल्या बोटाने नक्षी चुकायची. पाच वेळा चुकली की अर्धा मिनिट थांबा. आणि आत कॉल चालूच.

खरं तर लॉक असलेल्या फोनवरही कॉल चालू असल्याची पट्टी दिसते आणि त्यावर कॉल कट करण्याचं बटण असतं. नक्षी काढावी लागत नाही. आईच्या फोनवर ती पट्टी नव्हती. मी सेटिंग्ज उघडली आणि कळलं की ती मीच काढून टाकली होती. बँकेचे ओटीपी कोणाला दिसू नयेत म्हणून फोन घेतला त्या दिवशी मी लॉक स्क्रीनवरच्या सगळ्या सूचना बंद केल्या होत्या. त्यात कॉलची पट्टीही गेली. मी तिथेच आईला सांगितलं की हे माझ्यामुळे झालं होतं. ती म्हणाली, "तू चांगल्यासाठी केलंस." पण दादाच्या त्या चाळीस मिनिटांत माझा वाटा होता, हे मला तिच्यासमोर म्हणायचं होतं.

सूचना परत सुरू केल्या, फक्त मजकूर लपवला. ओटीपी दिसत नाही, पट्टी दिसते. कॉल वेटिंग बंद होतं, तेही सुरू केलं, पण त्यावर माझा भरवसा नव्हता. चालू कॉलमध्ये दुसरा कॉल आला तर कानात बारीक टुकटुक होते. फोन पिशवीत असेल तर ती कोण ऐकणार?

तिला हवं होतं ते एकच. न बघता, ओल्या हाताने दाबता येईल असं बटण. ते फोनमध्ये होतं. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत, खूप खाली. बाजूचं पॉवर बटण दाबून कॉल संपवण्याची सोय. काही फोनमध्ये ती तिथे नसून कॉल करायच्या अ‍ॅपच्याच सेटिंग्जमध्ये असते, 'कॉल उचलणे आणि संपवणे' अशा नावाखाली. आयफोनवर याच्या उलट आहे. तिथे बाजूच्या बटणाने कॉल आपोआप कट होतो, आणि ते नको असेल त्यांच्यासाठी आयओएस १६ पासून ती सवय बंद करायची सोय आली. आईच्या फोनवर मात्र ही सोय बंदच मिळाली होती. अपंगांसाठीच्या सोयींच्या यादीत ती दडवून ठेवली, याचं मला खरंच वाईट वाटलं. कोळणीचे हात ओले असतात. भाजीवालीचे मातीचे असतात. माझ्याच प्लांटमधल्या माणसांचे हातमोज्यात असतात.

सोय सुरू केली आणि पुन्हा कॉल लावला. आई बोलली, "ठेवते" म्हणाली, बटण दाबलं. कट. ती माझ्या फोनकडे बघायला आली. "झाला बंद?" "झाला." मग तिने मला आणखी चार वेळा कॉल लावायला सांगितलं आणि चारही वेळा बटण दाबून माझ्या स्क्रीनवर खात्री केली.

दोन दिवसांनी दादाचा फोन. "आई मध्येच फोन कट करते." आई फोन उजव्या मुठीत घट्ट धरते आणि तिच्या तळव्याने बाजूचं बटण दाबलं जायचं. या सोयीचा हा तोटा आहेच. बोलता बोलता बटण लागलं की बोलणं तुटतं. मी तिला फोन डाव्या हातात धरायला सांगितलं. म्हणजे बटणावर तळवा येत नाही, बोटांची टोकं येतात. तिने आठवडाभरात हात बदलला. पासष्टाव्या वर्षी. आणखी एक गोष्ट तिची तिनेच शोधली. कॉल चालू असताना फोन कुठे ठेवला आणि तो पूर्ण झोपी गेला, तर एकदा बटण दाबून कॉल कट होत नाही. पहिल्या दाबाने फोन जागा होतो, दुसऱ्याने कॉल संपतो. ती आता नेहमी थोडं थांबून फोन कानाला लावून बघते. पलीकडून आवाज नाही ना, याची खात्री करून मग पिशवीत टाकते. पिशवीही बदलली. वरच्या बाजूला, सेन्सरपाशी, मी कात्रीने चौकोनी खिडकी कापली. पाण्यापासून थोडा धोका वाढला, पण तो चालेल.

हे सगळं इतके महिने लक्षात का आलं नाही, याचा मी बराच विचार केला. पूर्वी कॉल चालू राहिला की बॅलन्स संपायचा आणि संपलेला बॅलन्स घरभर कळायचा. २०१६ च्या सप्टेंबरनंतर सगळ्याच कंपन्यांच्या अमर्याद बोलण्याच्या योजना आल्या, आणि चालू राहिलेल्या कॉलची किंमत दिसेनाशी झाली. आमच्या घरात ती दिसली खडकांकडे सरकणाऱ्या बोटीवर.

पुढच्या रविवारी मी डहाणूला गेलो. मावशीचा फोन दुसऱ्या कंपनीचा, तिची सोय अ‍ॅपच्या आत सापडली. मी शोधत होतो तोवर मावशीने आईला फोन लावला होता आणि आई तिकडून सांगत होती, "डाव्या हातात धर गं. आणि दाबल्यावर लगेच ठेवू नको, कानाला लावून बघ." मावशीने बटण दाबलं. मग फोन कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाली, "गेली."

दोन मिनिटांनी फोन परत वाजला. आई होती. दादाची बोट रेंजमध्ये आली होती. बोंबील बऱ्यापैकी आहेत, बर्फ सांगितलाय. "चल, ठेवते."